यजमान एक, घर सातांचं

हे प्रकरण कोणा एका घराचं नाही. सामायिक घरांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एकाच घरात, एकाच पाहुणीभोवती मांडून पाहिल्या आहेत. बेशिस्त पाहुण्यावर लिहिणं सोपं असतं. तो भांडी तशीच टाकतो, रात्री धिंगाणा घालतो. त्याला समजवायचं किंवा वाटेला लावायचं, विषय संपला. म्हणून इथे मुद्दाम चांगली पाहुणी घेतली आहे. नीटनेटकी, हळू बोलणारी, कामाला पुढे. अकरा रात्रींत तिने घरातल्या सातपैकी चौघांना वैताग आणला आणि तिला त्याचा पत्ता लागला तो नवव्या दिवशी.

घर आणि माणसं

भाड्याचं घर. सात जण, पाच खोल्या, एक स्वयंपाकघर, एक बैठकीची खोली, दोन बाथरूम. सगळे कमावते, ज्याच्या त्याच्या वेळा वेगळ्या, नात्याचं कोणी नाही. असं घर चालतं ते महिन्याच्या हिशेबावर, कामाच्या पाळ्यांच्या तक्त्यावर आणि कुठेही न लिहिलेल्या असंख्य सवयींवर. हिशेब आणि तक्ता फ्रीजच्या दारावर चिकटवलेले आहेत. सवयी दिसत नाहीत, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

नावं घेत नाही, घरातल्या भूमिकेनेच ओळखू. यजमान मैत्रीण, जिच्या खोलीत पाहुणी उतरली. रात्रपाळी करणारी नर्स, वयाने सगळ्यांत मोठी. तवेवाला, ज्याचा स्वयंपाक आणि स्वयंपाकाची भांडी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. आणि हिशेबनीस. बाकी तिघांचा संबंध येईल तेवढाच येईल.

पाहुणी एका प्रशिक्षणासाठी आली होती. तिची राहायची सोय चार दिवसांनी होणार होती. यजमान मैत्रिणीने घराच्या ग्रुपवर टाकलं, ‘माझी मैत्रीण येतेय, चार दिवस असेल.’ दोघांनी होकाराचा अंगठा टाकला, बाकीचे चार जण गप्प राहिले. ही गप्प संमती धरली गेली. प्रकरणाचं मूळ मला या एका ओळीत दिसतं. ती विचारणा नव्हतीच, निरोप होता, आणि निरोपाला ‘नको’ म्हणायची सोय नसते. चौथ्या दिवशी सोय लांबली तेव्हा पाहुणीने मैत्रिणीला विचारलं, ‘अगं, अजून थोडे दिवस राहिले तर चालेल?’ मैत्रीण म्हणाली, ‘राहा की, विचारतेस काय!’ ग्रुपवर या वेळी निरोपसुद्धा गेला नाही.

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण हिशेबनिसाने नंतर बैठकीत ऐकवली. म्हण दिवस मोजते. या घरात मात्र कुरबुर दुसऱ्याच दिवशी सुरू झाली होती, आणि पुढे नवव्या दिवसानंतर पाहुणी तिथेच असताना ती बरीचशी मिटलीसुद्धा. तेव्हा दिवसांच्या आकड्यात फार शिरण्यात अर्थ नाही.

काय काय घडलं

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणी लवकर उठली आणि तिने स्वयंपाकघर घासून काढलं. ओटा, शेगडी, सिंकच्या कडा. कपांची फळी लावली, मोठे मागे, छोटे पुढे. फळीवर एक काळा, तेलकट, जड तवा होता. तो तिने तारेच्या घासणीने, साबण लावून, खालची करडी धातू दिसेपर्यंत घासला आणि पाणी भरून सिंकमध्ये ठेवून दिला.

तवा बिडाचा होता. बिडाच्या तव्यावरचा तो काळा थर मळ नसतो. तेलाचा अगदी पातळ हात देऊन तवा खूप तापवला की तेलाची घट्ट, गुळगुळीत पापडी धरते. असे थरावर थर चढले की तव्याला काही चिकटत नाही आणि तो गंजत नाही. हे काम एका बसणीत होत नाही. तवा वापरात राहतो तसतसा मुरत जातो. तारेची घासणी हा थर खरवडून काढते, आणि उघड्या बिडावर पाणी राहिलं की गंज धरायला वेळ लागत नाही. तवेवाला संध्याकाळी परतला तेव्हा तव्यावर तांबूस डाग पडले होते. त्याने तवा पुसला, कोरडा केला, आपल्या खोलीत नेऊन ठेवला. पाहुणी तेव्हा बैठकीच्या खोलीत होती. तिने हसून विचारलंही, ‘कसं वाटलं स्वयंपाकघर?’ तो ‘छान’ म्हणाला.

हे ‘छान’ मला सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेलं वाटतं. तवेवाला खोटारडा नाही. समोरचं माणूस आपल्या परीने चांगलंच वागलेलं असतं तेव्हा तोंडावर तक्रार करणं भल्याभल्यांना जमत नाही. पण त्या उत्तराने पाहुणीला कळलं ते एवढंच की आपण योग्य वाटेवर आहोत. तिसऱ्या दिवशी तिने फ्रीज आवरला.

गरम पाण्याचं प्रकरण वेगळ्या जातीचं. तिथे तिने काही केलंच नाही, फक्त आंघोळ केली. ज्या बाथरूममध्ये ती जायची तिथे २५ लिटरची टाकी आहे. ६० अंशांपर्यंत तापलेल्या या पाण्यात २० अंशांचं गार पाणी मिसळलं तर अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी साधारण ५० लिटर मिळतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल, तर सहा मिनिटांत गरम पाणी संपतं. गार टाकी पुन्हा ६० अंशांवर यायला दोन किलोवॉटच्या गीझरला ३५ मिनिटं लागतात. त्या बाथरूमवर सकाळी तिघांच्या आंघोळी होतात, आणि त्यांच्या वेळा साडेसहा, सात दहा आणि सात पन्नास अशा ठरलेल्या आहेत. कधी बैठक घेऊन ठरवल्या नाहीत. गार पाण्याने दोन-चार वेळा अंग शहारल्यावर आपोआप ठरल्या.

पाहुणी रोज साडेसातला जायची. का, तर तेव्हा बाथरूम रिकामं असतं! तिने कोणाला ताटकळत ठेवलं नाही, दारावर कोणाची थाप पडू दिली नाही. तिच्या दृष्टीने ही काळजीच होती. प्रत्यक्षात त्या रिकाम्या वेळात टाकी सात पन्नासवाल्यासाठी तापत असायची. त्याला रोज कोमट, मग गार पाणी मिळू लागलं. त्याने आधी गीझर बिघडला असं धरलं, मग कॉइल गेली असं धरलं. पाचव्या दिवशी त्याला उलगडा झाला, आणि तेव्हा राग चढला तो पाचही दिवसांचा.

बैठकीच्या खोलीचंही तसंच. प्रशिक्षणाचा काही भाग ऑनलाइन होता. मैत्रिणीच्या खोलीत अडचण नको म्हणून पाहुणी दहा ते एक बैठकीच्या खोलीत बसून बोलायची, तेही दबक्या आवाजात. तिथे कोणी नसायचंच त्या वेळी. पण त्या खोलीच्या भिंतीला लागून नर्सची खोली आहे, आणि नर्स सकाळी नऊला येऊन झोपते. दबका आवाज भिंतीतून येतो तेव्हा शब्द कळत नाहीत, नुसती गुणगुण येते. माणूस अर्धवट झोपेत शब्द शोधत बसतो.

एकदा संध्याकाळी तिने प्रशिक्षणातल्या एका ओळखीच्या बाईंना घरी बोलावलं. तास-दीड तास बसल्या, गेल्या. पाहुण्याचा पाहुणा. यावर कोणी फार बोललं नाही, पण नंतरच्या बैठकीत तिघांनी स्वतंत्रपणे हाच प्रसंग काढला. मला यात काही आश्चर्य वाटलं नाही. आपल्या घरात कोण आहे हे आपल्याला माहीत असणं ही घरातल्या घरात सैलपणे वावरायची पहिली अट आहे. ती मोडली की माणूस स्वतःच्या घरात नीट कपडे करून खोलीबाहेर यायला लागतो.

तक्रार कुठे अडकली

चौघंही आपापली तक्रार घेऊन यजमान मैत्रिणीकडे गेले. रीतसरच होतं ते, पाहुणी तिची. मैत्रिणीने सगळं ऐकलं आणि पाहुणीला एक शब्दही सांगितला नाही. ‘तिला उगाच वाईट वाटेल. आधीच बिचारीची सोय होत नाहीये.’ उलट बाजूने, पाहुणी रोज मैत्रिणीला विचारत होती, ‘माझ्यामुळे कोणाला त्रास नाही ना होत?’ उत्तर ठरलेलं, ‘छे गं!’ दोन्हीकडचं बोलणं एकाच माणसापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. मैत्रिणीचा हेतू दोघांनाही न दुखवण्याचा होता. झालं असं की चौघं पाहुणीला निर्लज्ज समजू लागले आणि पाहुणीला त्यातलं काही ऐकूच आलं नाही.

त्यात एक जुना हिशेबही मिसळलेला होता. यजमान मैत्रिणीच्या पाळ्या दोन महिने चुकत होत्या, कचरा तिच्या दिवशी तसाच राहायचा. ते कोणी तिच्या तोंडावर बोललं नव्हतं. साप तोच मारायचा होता, आता पाहुणीची काठी हाताशी आली. बाहेरून अशा भांडणाकडे बघणाऱ्याने हे आधी तपासावं: पाहुण्याबद्दलच्या तक्रारीत यजमानाबद्दलची तक्रार किती आहे?

सहाव्या दिवशी फ्रीजवर बिननावाची चिठ्ठी लागली: ‘हे घर सगळ्यांचं आहे याची कृपया जाणीव ठेवावी.’ पाहुणीने ती वाचली आणि मनापासून मान डोलावली. तिला वाटलं, कचऱ्याबद्दल असेल! आपण तर घरात सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो हे तिला दिसतच होतं. मानसशास्त्रात यावर १९७९ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे, मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांचा. त्यांनी जोडप्यांना घरकामातला आपापला वाटा स्वतंत्रपणे विचारला. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. कोणी लबाडी करत होतं असं नाही. स्वतः केलेलं काम चटकन आठवतं, दुसऱ्याचं आठवत नाही. पाहुण्याच्या बाबतीत ही चूक दुप्पट होते, कारण त्याने घासलेला ओटा त्याला दिसतो, पण त्याच्यासाठी सातांनी आपल्या दिवसात केलेले फेरफार त्याला दिसायचं कारणच नसतं.

नववा दिवस

दुपारी साडेअकराला नर्स खोलीतून बाहेर आली. डोळे लाल. पाहुणी बोलत होती, तिने हाताने ‘एक मिनिट’ अशी खूण केली. नर्स उभी राहिली. बोलणं संपल्यावर म्हणाली, ‘मला आठवडाभर झोप नाहीये. तू इथे बोलतेस ते माझ्या उशाशी ऐकू येतं.’

‘ताई, मला कोणी सांगितलंच नाही!’

‘मी तुझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं. दोनदा.’

पुढची बातचीत किती अवघड गेली असेल असं वाटतं ना? पाच मिनिटंही लागली नाहीत. पाहुणीने लॅपटॉप उचलला, मैत्रिणीच्या खोलीत खिडकीशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी नर्स दीडपर्यंत झोपली. आठवडाभराचा मनस्ताप, उपाय एक खोली पलीकडे. नर्सने हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही असा दोष तिला देता येईल, पण मी देणार नाही. रात्रभर जागून आलेल्या माणसाने झोपमोड करून घराचे नियम शिकवावेत ही अपेक्षा जरा जास्तच आहे. माहिती मिळवायचं काम येणाऱ्याचं.

आणि त्या दिवशी संध्याकाळी पाहुणीने ते केलं. मैत्रिणीला मध्ये न घेता ती एकेकाकडे गेली. ‘माझं काही चुकलं का?’ असं तिने विचारलं नाही, हे महत्त्वाचं. त्या प्रश्नाला सभ्य माणूस ‘नाही’ असंच उत्तर देतो. तिने विचारलं, ‘सकाळी बाथरूममध्ये मी कधी जाऊ?’ ‘स्वयंपाकघरात कशाला हात लावू नको?’ ज्या प्रश्नाचं उत्तर एक वेळ किंवा एक वस्तू असतं तो प्रश्न माणसं सरळ घेतात. सात पन्नासवाल्याने लगेच सांगितलं, ‘सव्वाआठनंतर जा, पाणी तुझंच.’ तवेवाला थोडा थांबला, मग तवा आणून दाखवला. ती म्हणाली, ‘मी नीट करून देऊ का?’ तो म्हणाला, ‘नको. मीच करीन.’ त्याने तिला ते करू दिलं नाही, आणि तिने आग्रह धरला नाही. भरपाई कशी हवी हे ज्याचं नुकसान झालं त्याने ठरवायचं असतं. आपल्या मनाचं ओझं उतरावं म्हणून त्याच्यावर भरपाई लादणं हाही एक उपद्रवच.

शेवटी तिने प्रत्येकाला तोच प्रश्न घातला, ‘प्रशिक्षण संपायला दहा दिवस आहेत. तोवर राहिले तर चालेल का? नाही म्हणालात तरी चालेल, दुसरीकडे बघते.’ सहा जण हो म्हणाले. सात पन्नासवाल्याने सांगितलं की परीक्षा तोंडावर आहे, घरात कमी माणसं हवीत. ती अकरावी रात्र काढून गेली. पर्याय होता तर आधीच का गेली नाही, असं यजमान मैत्रीण चिडून म्हणाली. उत्तर सोपं आहे: तोवर तिला जायचं कारणच कोणी दिलं नव्हतं.

पाहुण्याला डोळे असतात

सहाव्या शतकात इटलीतल्या नर्सियाच्या बेनेडिक्ट या ख्रिस्ती संताने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात पाहुण्यांवर वेगळं प्रकरण आहे, ५३वं. पाहुण्यांचं स्वागत फार मोठ्या मनाने करायला सांगितलं आहे, आणि लगेच व्यवहारही पाहिला आहे: पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवावं, कारण ते अवेळी येतात, मठात त्यांची वाण कधीच नसते, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांची घडी विसकटू नये. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही सहनिवासाची, म्हणजे घरं वेगळी पण काही जागा सामायिक अशी, वसाहत उभी राहिली. त्या धर्तीवरच्या अनेक वसाहतींत सामायिक इमारतीत पाहुण्यांची खोली बांधलेलीच असते. दोन्हीकडे पाहुण्याचा भार भिंतींनी उचललेला आहे. साध्या भाड्याच्या घरात ती सोय नसते, तिथे भिंतीचं काम बोलण्यालाच करावं लागतं.

त्याच नियमावलीतलं ६१वं प्रकरण मला जास्त आवडतं. बाहेरून आलेल्या साधूने तिथली रीत आहे तशी मान्य केली आणि अवाजवी मागण्या केल्या नाहीत, तर त्याला हवं तितकं राहू द्यावं. आणि त्याने नम्रपणे एखादी उणीव दाखवली तर मठाधिपतीने ती मनावर घ्यावी, कदाचित त्यासाठीच देवाने त्याला धाडलं असेल. आमच्या पाहुणीलाही उणिवा दिसल्या होत्याच. कपांची फळी तिने लावली तशीच आज आहे. सगळ्यांना सोयीची पडली. फ्रीजमधल्या डब्यांवर नाव आणि तारीख घालायची कल्पनाही तिचीच. तव्याचा आणि फळीचा फरक हेतूत नाही. फळी पुन्हा होती तशी लावता येते, खरवडलेला तवा लगेच होता तसा होत नाही. परक्या घरात कामाला हात घालताना एवढं पाहिलं तरी पुष्कळ: हे पुन्हा होतं तसं करता येईल का? नसेल, तर आधी विचारावं.

बैठक

ती गेल्यावर घराची बैठक बसली. हिशेबनिसाने सुचवलं की पाहुण्यामागे रोजचे ठराविक पैसे घ्यावेत. त्याने आकडाही काढून आणला होता. ३० दिवसांच्या महिन्यात सात जणांच्या मिळून २१० रात्री, पाहुणीच्या ११, एकूण २२१. म्हणजे तिचा भार पाच टक्क्यांच्या आसपास. आकडा बरोबर आहे, आणि त्यातून कळतं ते हे की पैशाचा प्रश्न किरकोळ होता. शिवाय पैसे घेण्यात एक धोका आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून टाकला तरी तो पूर्वीइतका कमी झाला नाही. आधी उशिराची लाज वाटायची, आता ती विकत घेता येत होती. रोजचे पैसे मोजणारा पाहुणा साडेसातला हक्काने आंघोळीला जाईल. हा ठराव पडला, ते बरं झालं.

ठरलं ते असं. पाहुणा यायच्या आधी ग्रुपवर प्रश्न टाकायचा, निरोप नाही. सातही जणांचं ‘हो’ आल्याशिवाय होकार धरायचा नाही. तीन रात्रींच्या पुढे पुन्हा विचारायचं. पहिल्या दिवशी यजमानाने पाहुण्याला घरभर फिरवून प्रत्येकाशी गाठ घालून द्यायची, आणि गाठ म्हणजे नुसतं नाव नाही, त्याची झोपायची आणि आंघोळीची वेळ. यजमानाकडे तक्रार आली तर ती त्याच दिवशी पाहुण्यापर्यंत पोचवायची. पाहुणा असेपर्यंत यजमानाच्या वाट्याला एक पाळी जास्त. या शेवटच्या कलमावर यजमान मैत्रिणीने तोंड वाकडं केलं. तवेवाल्याने त्यावर चुकलेल्या पाळ्यांचा विषय एकदाचा काढला, आणि पुढचा पाऊण तास त्यातच गेला.

उठता उठता नर्सने विचारलं की हिशेबनिसाची मैत्रीण दर शुक्रवारी येऊन सोमवारी सकाळी जाते, तिचं काय? तीन रात्रींचा नियम तिला कधीच लागू होणार नाही. हिशेबनीस म्हणाला, ती काय पाहुणी आहे? त्यावर सहाही जण त्याच्याकडे बघत राहिले. महिन्याला जास्तीत जास्त किती रात्री हे कलम पुढच्या बैठकीसाठी लिहून ठेवलं आहे. त्याचा आकडा मात्र हिशेबनिसाने काढायचा नाही, असं ठरलं.